राखणीचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या वर एक फळी आहे. तिच्यावरच्या डब्यांना हात लावायचा नाही, हा बायकोचा कायदा. पाहुणा येऊ दे, सण असू दे, घरात दुसरं काही खायला नसू दे, फळी सोडून बोला. संसारात तिनं मला फारसे कायदे लावले नाहीत. तरुणपणी कधी पिऊन आलो तरी तिनं ताट वाढलं. पण एकदा त्या फळीवरची चकली तोंडात टाकली, तर चार घरांत ऐकू जाईल असं बोलली.

त्या फळीला ती राखण म्हणायची. शेतात पिकावर माणूस बसवतात, तशी.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. राखणीवर तिच्या हातचा शेवटचा डबा राहिला होता, त्याचं काय झालं ते लिहून ठेवतो. बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते घरातलं आहे. हे चार लोकांच्या पोटातलं आहे.

मी सांगलीकडचा. आमच्या बाजूची पोरं मिसरूड फुटायच्या आत सोनं-चांदी आटवायला मुलूखभर जातात. मी मद्रासला आलो, तेव्हा मद्रासच म्हणायचे. भट्टी, मूस आणि तेजाब. सराफांचं जुनं सोनं वितळवून चोख करून द्यायचं, एवढं एकच काम मला येतं. तेजाबाच्या वाफेनं माझं नाक गेलं. म्हणजे तोंडावर आहे, उपयोगाचं नाही. उदबत्ती आणि गटार मला सारखंच. शहराच्या कडेला, पोरूरला आम्ही हे घर घेतलं तेव्हा बायको म्हणाली, "मागं नाला हाय, ते तुमाला कळलंच नसंल." खरंच कळलं नव्हतं.

हात कापायला लागले तेव्हा भट्टी सोडली आणि घरी बसलो. मुलगा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात लागला होता. कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावरच थांबते, त्या बसमध्ये महाराष्ट्रातली पोरं पुष्कळ. एकदा मुलानं डब्यातली शेंगदाण्याची चटणी बसमध्ये फिरवली. दुसऱ्या दिवशी एक पोरगा आमच्या दारात उभा. "काकू, पैसे घ्या पण चटणी द्या. सांबार आता स्वप्नात यायला लागलाय." तिथून तिचं सुरू झालं. चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला, चकली. सणाला सांगून ठेवलं तर पुरणपोळी. ती देताना बजावायची, "आजच खायची. उरली तर म्हशीला घाला, आणि म्हैस नसंल तर टाका."

काय विकायचं नाही, हे तिनं आधी ठरवलं होतं. ओल्या नारळाचं काही नाही. दुधाचं काही नाही. एका बाईंनी हळदीकुंकवाला बासुंदी मागितली, वर चांगली ओळखीची बाई. ही म्हणाली, "माझ्या घरी येऊन प्या, वाटी भरून देते. पण डब्यातनं बांधून देणार न्हाई. दूध आणि इथली हवा, दोघांचं पटत न्हाई." बाई रुसली. रुसू दे म्हणाली. रुसलेलं माणूस परत येतं, जुलाब झालेलं येत नाही.

मुलानं खाद्यपदार्थ विकायच्या नोंदणीचा कागद काढून आणला, तो तिनं देवाच्या फोटोशेजारी चिकटवला. "दोघांच्याबी धाकात राहीन," म्हणाली. तसा तिला धाक लागत नव्हता. घरात कुणाला ताप आला, कुणाचं पोट बिघडलं, की विक्रीचं काम बंद. बोटाला कापलं तर लाडू वळायचे नाहीत, मग ऑर्डर कुणाचीही असो. विक्रीची भांडी निराळी, मिक्सरसुद्धा निराळा. ओला चमचा म्हणजे तिला विंचू दिसायचा. नव्या गिऱ्हाइकाला नाव विचारायच्या आधी विचारायची, "शेंगदाणा सोसतो का? काजू सोसतो का?" एका पोराचे ओठ सुजले होते चटणीनं, तेव्हापासून. आणि प्रत्येक डब्यावर कशाकशाचं आहे आणि कुठल्या तारखेपर्यंत खायचं, हे लिहून चिकटवायची. अक्षर तिचं माझ्यापेक्षा वाईट, पण आकडा मोठा काढायची.

फळीची गोष्ट मात्र एका चुकीतून आली. ही चूक आमच्याच लोकांनी करावी. गावाकडं दिवाळी झाली की थंडी पडते, आणि थंडी पडली की डिंकाचे लाडू करायचे, हे आमच्या अंगात भिनलेलं. बाई कुठंही राहायला जाऊ दे, तिचं अंग गावाकडच्या कॅलेंडरावर चालतं. पण मद्रासला दिवाळीनंतर पाऊस असतो. नुसता पाऊस नाही, भिंतीला पाझर, कपड्याला बुरशी, मिठाचं पाणी. त्या पहिल्या वर्षी तिनं ते काही धरलं नाही. मोठ्या परातीत लाडू वळले, गावाकडं महिना-दोन महिने टिकतात म्हणून तेवढी मुदत पोरांना सांगितली. आठवड्यातच खोबरं खवटलं. एका खोलीत चौघं राहत होते, चौघांची पोटं गेली. लाजेनं कुणी बोललं नाही. शेजारच्या खोलीतल्या पोरानं बसमध्ये मुलाला सांगितलं.

ती मऊ भात आणि ताक घेऊन त्या खोलीवर गेली. उरलेले लाडू पिशवीत भरून परत आणले. टाका म्हणाली नाही, परत आणले. "माझं हाय, मीच टाकीन," म्हणाली. घरी आल्यावर पिशवी माझ्यापुढं ठेवली. मग मला विचारलं, "तुमी सोनं आटवताना गिऱ्हाइकाचा तुकडा का काढून ठेवायचा?"

मी म्हणालो, "कुणी उद्या म्हणालं, माझं सोनं हे नव्हे, तर दाखवायला. हिशेब चुकता होईपर्यंत तुकडा कागदात गुंडाळून ठेवायचा."

"सोन्याची राखण करता," ती म्हणाली, "आणि लाडवाची कोण करणार?"

तेव्हापासून प्रत्येक घाण्यातला एक डबा त्या फळीवर. गिऱ्हाइकाला जो डबा, तोच डबा, तसंच झाकण. फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. मी म्हणायचो, अगं फ्रीज आहे की. ती म्हणायची, "पोरांच्या खोलीत हाय का? वाईटात वाईट धरून चालायचं." लाडवाची मुदत तिनं निम्म्याहून कमी केली. डब्यावरची तारीख आली की राखणीचा डबा खाली काढायचा, वास घ्यायचा, मोडून बघायचा आणि खायचा. तिनं स्वतः. आणि तिचा आणखी एक कायदा: चांगलं म्हणेल त्यानं आधी खायचं. नुसतं लांबून हुंगून चांगलं म्हणायला काय जातंय?

चांगलं निघालं तर ती काही बोलायची नाही, डबा घासायला टाकायची. कधी थोडं जरी वावगं वाटलं, तर त्या घाण्यातलं ज्याच्या ज्याच्याकडं असेल त्याला फोन. मी तिला चिडवायचो, "आलं तुझं सरकारी खातं." ती म्हणायची, "तुमचं नाक गेलंय, जीभ तरी आवरा."

गेल्या पावसात तिनं डिंकाचे लाडू केले ते एका बाळंतिणीसाठी. अड्यारला राहणारी पोरगी, नागपूरकडची, दोघंही नवराबायको कॉम्प्युटरच्या कामात. तिच्या आईला यायला जमलं नव्हतं, आई स्वतःच आजारी. ही म्हणाली, मग माझ्याकडून घे. खारीक, खोबरं, डिंक तुपात तळून, गूळ. तेवढ्यासाठी परात काढायची तर आणखी थोडे करावेत, म्हणून ओरगडमच्या पोरांना आणि अड्यारच्याच एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंना. त्या बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुनी आणि तमिळ हेलाची, बायकोला ती फार आवडायची. आणि एक डबा राखणीला.

लाडू पोचले, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी भांडी घासता घासता ती खाली बसली. मी म्हणालो, काय झालं. ती म्हणाली, काही नाही. एवढंच.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग रिकामं झालं. मुलगा शिफ्टला जायला लागला, सून शाळेत. सून तमिळ, बालवाडीला शिकवते. त्यांच्यातल्या रीतीनं मला मामा म्हणते आणि सासूला अत्तै म्हणायची. मराठी तिला सासूनंच शिकवली, त्यामुळं तिच्या बोलण्यात सांगलीचा ठसका आणि मद्रासचा हेल, दोन्ही एकदम. दिवसभर घरात मी आणि ती फळी. फळीवर तो एकच डबा. मी रोज बघायचो. त्याच्यात तिनं वळलेले लाडू आहेत, तिच्या तळहाताचा आकार त्यांना आहे, एवढंच माझ्या मनात यायचं. तारीख दिसत होती. पण तारीख गिऱ्हाइकासाठी असते, असं मी धरलं होतं. मी तो डबा काढणार नव्हतो. मरेपर्यंत तिथंच राहू दे.

ज्या दिवशी ती तारीख आली त्या दिवशी दुपारी अड्यारच्या पोरीचा फोन आला. आधी ती रडली. मग म्हणाली, "काका, रागावू नका, एक विचारायचं होतं. लाडू मी पुरवून पुरवून खाल्ले. अजून आठ आहेत. डब्यावर आजची तारीख आहे. उद्या-परवा खाल्ले तर चालतील का हो? काकूंच्या हातचे आहेत, टाकवत नाहीत."

मी विचारलं, "बाळ अंगावर पितंय का?"

"हो काका."

"मग थांब. मी सांगेपर्यंत एकही खाऊ नको."

फोन ठेवला आणि फळीकडं बघितलं. हे कुणाला विचारायचं ते मला पक्कं माहीत होतं. ज्याला विचारायचं तो डबा माझ्यासमोर होता, आणि तो उघडला की संपला. लाडवाला हवा लागली, मोडला, की मग त्याला राखण कोण म्हणणार? उरलं काय माझ्याकडं? तिच्या साड्या सुनेनं वाटल्या. चष्मा आहे, पण चष्म्यात माणसाचा हात नसतो.

दुसरं मनात आलं ते असं, की सांगून टाकावं, चालतील. तारीख तर आजचीच आहे, एका दिवसानं काय होतंय. नाहीतर सांगावं, टाक. दोन्हीत डबा उघडावा लागत नव्हता. पण चालतील म्हणालो आणि चाललं नाही तर ते त्या बाळाच्या पोटात जाणार. आणि न बघताच टाक म्हणावं, तर चांगलं अन्न नुसतं माझ्या मोहापायी फेकलं जाणार. बायकोनं दोन्ही चालवून घेतलं नसतं.

सून शाळेतून आली. मी स्टुलावर बसून होतो. तिनं पिशवी ठेवली, माझ्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं.

"मामा, जेवला नाही?"

मी फोनचं सांगितलं.

"मग उघडा की."

"नाही उघडायचा."

"काढू का मी?"

"हात लावू नको!" मी ओरडलो. तिच्यावर मी कधी ओरडलो नव्हतो. "तुझी ती सासू होती. माझी बायको होती."

ती हळू पण स्पष्ट म्हणाली, "मामा, अत्तैनं राखण कशाला ठेवली? बघायला का पुजायला?"

 एरवी मी काही ऐकून घेणारा माणूस नाही. पण मी उठलो, स्टूल फळीखाली सरकवलं. वर चढायला गेलो तर तिनं दंड धरला. "तुम्ही खाली थांबा. पडलात तर अत्तै मला सोडणार नाही." तिनं हात धुतले, कोरडे पुसले, नखं उलटीपालटी करून बघितली, अगदी सासूसारखी, आणि डबा काढून माझ्या हातात दिला.

झाकण मीच उघडलं. मला काय कळणार? मी नाक आत घातलं, काही नाही. रिकाम्या डब्यात घालावं तसं. एक लाडू उचलून तिच्यापुढं धरला. तिनं वास घेतला. तिचा चेहरा क्षणभर हलला, मग तिनं तो परत जागेवर आणला.

"चांगलाय मामा," ती म्हणाली.

"खा मग."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"चांगलं म्हणेल त्यानं आधी खायचं. खा."

तिनं लाडू तोंडाजवळ नेला. तिथंच थांबला तिचा हात. मग तिनं तो डब्याच्या झाकणावर ठेवला आणि पदरात तोंड घेऊन रडायला लागली. "सिक्कु वाडै येतोय, मामा. खवट. अत्तैचा लाडू, मी कसं सांगू?"

मी लाडू मोडला. नाक नाही, पण डोळे आहेत. भट्टीपुढं जन्म काढलाय, आगीनं रंग कुठवर आणला ते मला कळतं. खोबऱ्याचा कीस आतून पांढुरका होता. ती खोबरं नेहमी बदामी रंगावर भाजायची, मंद आचेवर, हलवत, तेवढा वेळ जाग्यावरून हलायची नाही. या खेपेला तिनं अर्ध्यातच उतरवलं होतं. तिला उभं राहवलं नसणार त्या दिवशी. मी बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होतो. तिनं हाक मारली नाही, बसून घेतलं असेल, आणि परत उठून लाडू वळले असतील. डॉक्टरला कळलं नाही, मला कळलं नाही. लाडवानं सांगितलं.

मी लाडवाचे दोन्ही तुकडे डब्यात ठेवले, झाकण लावलं. मग मी सुनेला म्हणालो, "फोन लाव."

ओरगडमच्या पोरांना आधी लावला. "काका, ते तर आले त्या दिवशीच संपले. भांडणं झाली शेवटच्या लाडवावरनं!" मी विचारलं, पोट बरं आहे का. "आमचं पोट काका, कंपनीनं टेस्ट करून घेतलंय." ताजे होते तेव्हा खाल्ले म्हणून बचावले. शिक्षिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "दोनच राहिलेत. देवापुढें ठेवलेत. तुम्ही सांगितलेंत तें बरें केलें. तीही सांगतीच." मग अड्यारच्या पोरीला.

"टाकायचे, काका?"

"टाकायचे."

"एक ठेवू? खाणार नाही, शपथ. नुसता ठेवते, डब्यात."

मला तिचं पुरतं कळलं. माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? म्हणूनच आवाज चढला असावा. "ठेवायचा नाही. आज नुसता ठेवशील. उद्या तुझी आई येईल, तिला माहीत नसेल, ती खाईल. अन्न ठेवायला नसतं. खायचं, नाहीतर टाकायचं."  मग मला आठवलं, बिघडलेलं बायको कुणाला टाका म्हणायची नाही, स्वतः परत आणायची. मी म्हणालो, "तू टाकू नको. मी येतो न्यायला. आमचं आहे, आम्ही टाकू."

दुसऱ्या दिवशी बस बदलत अड्यारला गेलो. चौथ्या मजल्यावर घर. पोरीच्या डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, खांद्यावर बाळ. डबा तिनं फडक्यात बांधून ठेवला होता, देवाला न्यायचा असावा तसा. चहा घ्या म्हणाली, घेतला. बाळानं माझं बोट मुठीत धरलं. मी म्हणालो, "काय रे, वाचलास." ती हसली, मग म्हणाली, "काका, काकूंनी डबा दिला तेव्हा बजावलं होतं. तारखेनंतर खाल्लास तर मला पाप लागेल, म्हणाल्या. म्हणून विचारलं. नाहीतर खाऊनच टाकणार होते."

येताना शिक्षिकाबाईंकडचे दोन लाडू त्याच डब्यात घेतले आणि बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या माणसानं तमिळमध्ये विचारलं, काय आहे, गोड का? मी म्हणालो, बायकोनं केलंय. खोटं काहीच नव्हतं त्यात.

गच्चीवर तिची कढीपत्त्याची मोठी कुंडी आहे. पहिल्या वर्षीचे खवट लाडू तिनं तिथंच मातीत घातले होते. मी आणि सुनेनं माती उकरली. राखणीतले आणि अड्यारचे, सगळे एकत्र घातले. एक लाडू माझ्या हातात थोडा वेळ राहिला. गोल नव्हता, तिचे लाडू कधी गोल नसायचे, एका अंगाला अंगठ्याचा दाब असायचा. तिथं मी माझा अंगठा ठेवून बघितला. माझा मोठा आहे, बसला नाही. मग तोही घातला आणि माती ओढली. सून म्हणाली, "पाणी घालू?" मी म्हणालो, घाल.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. फळी मोकळी दिसली की मी दुसरीकडं बघायचो. पण अड्यारच्या पोरीला लाडू देणं लागत होतं. बायको परत आणायची तेव्हा नवे द्यायची. सुनेनं विचारलं, "आपण करायचे का?" मी म्हणालो, तुला येतात? ती म्हणाली, "मला वास येतो. तुम्हाला आग कळते. झालं की एक माणूस."

पाऊस उघडेपर्यंत मी थांबलो. खोबरं उन्हात दिलं, डबे उन्हात दिले. भाजताना मी कढईपाशी उभा राहिलो, सुनेला म्हणालो, मी सांगितल्याशिवाय उतरवायचं नाही. हात कापतो माझा, पण उलथनं धरण्यापुरता चालतो. बदामी रंग आला तेव्हा मी म्हणालो, बस. ती वास घेऊन म्हणाली, "आता अत्तैसारखा." लाडू वळायला मात्र दोघांनाही येत नव्हते. काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे. ती हसायला लागली. मीही हसलो असेन.

अड्यारची पोरगी फोनवर म्हणाली, "काका, चांगले झालेत." थोडं थांबून, "पण काकूंसारखे नाहीत."

"नाहीत," मी म्हणालो. "तारीख बघून खा."

त्या घाण्यातला एक डबा फळीवर ठेवला होता. तारीख आली त्या दिवशी सून शाळेतून आली, हात धुतले, डबा काढला. मी स्टुलावर. तिनं वास घेतला, लाडू मोडला, आतून बघितला. "चांगलाय," म्हणाली.  मी खा म्हणायच्या आत तिनं अर्धा लाडू तोंडात टाकला आणि चावायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो.

"काय बघताय मामा?" ती भरल्या तोंडानं म्हणाली. "घ्या तुमचा अर्धा. आणि पाणी द्या मला."